अठरा ते वीस

बाई माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघत. आधी मनगट, मग कोपर, मग दात, आणि हे सगळं कागदावर उतरवून झालं की मग त्याला आत बोलावून "बसा" म्हणत. माणूस तोवर दहा मिनिटं दाराबाहेर उभाच असे. नवख्याला वाटे, काय शिष्ट बाई आहे. आम्हा जुन्यांना माहीत होतं की हा शिष्टपणा नव्हता, धास्ती होती. चेहरा एकदा बघितला की आपण मनात वय ठरवून टाकतो आणि मग हाडातही तेच दिसायला लागतं, असं त्या म्हणत.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढतो. बावीस वर्षं झाली, त्यातली अकरा बाईंच्या हाताखाली गेली. त्या आमच्या विभागाच्या डॉक्टर. बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणत, आम्ही विभागातले बाई म्हणायचो, आणि पोलीस, वकील, कोर्टातले शिपाई यांच्यात त्यांचं नाव 'वयाच्या बाई' असं पडलं होतं. ज्याचं वय ठरत नाही असा माणूस शेवटी त्यांच्याच टेबलाशी येई. शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद असेल तर हाडांकडे कुणी येत नाही. ज्याच्याकडे कागदच नाही, त्याची हाडं बघतात. चोरीत सापडलेला पोरगा सोळाचा की एकोणीसचा, पळून गेलेली मुलगी अठराची झाली की नाही, यावर कोण सुधारगृहात जाणार, कोण तुरुंगात आणि कोण घरी, ते ठरायचं.

हे काम कसं चालतं ते बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात ते अजून त्यांच्याच शब्दांत आहे. लहानपणी हाडाचं टोक आणि हाडाचा दांडा वेगवेगळे असतात, मध्ये कूर्चेची फट असते. एक्स-रेत ती काळ्या रेघेसारखी दिसते. वय वाढतं तशी रेघ बुजत जाते आणि टोक दांड्याला जुळतं. कोपर आधी जुळतं, मग मनगट. मुलींचं मनगट सोळा-सतराला जुळून मोकळं होतं, म्हणजे त्यावरून अठरा ठरत नाही. ते ठरतं कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर. ती कड सगळ्यात आळशी. ती सावकाश जुळते.

फिल्मच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव छापलेलं असतं. त्यावर मी चिकटपट्टी लावायची आणि मगच फिल्म बाईंच्या टेबलावर ठेवायची, हा त्यांचा नेम. पोलिसांचं पत्र पाकिटातच राहायचं. त्यात "वय अंदाजे एकोणीस" असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते डोळ्यांना नकोच, असं त्या म्हणत. मुलगा की मुलगी एवढंच मी सांगायचं. बाई फिल्म उजेडाच्या पेटीवर लावत, चष्मा कपाळावर चढवत आणि नाक जवळजवळ फिल्मला टेकवून बघत. मग पेन्सिलीने दोन आकडे लिहीत. त्यानंतर पट्टी निघे, पाकीट उघडे आणि माणूस आत येई. या पट्ट्यांचा खर्च मी कुठे दाखवायचा, हा प्रश्न भांडारवाल्याने मला अकरा वर्षं विचारला.

आकडे दोनच असत, एक कधीही नाही. सोळा ते अठरा, सतरा ते एकोणीस. यावरून पोलिसांची आणि त्यांची कायमची वादावादी. एकदा एक फौजदार चांगलाच वैतागला. मॅडम, दोन आकड्यांचं आम्ही काय करायचं, एक द्या आणि मोकळ्या व्हा, असं म्हणाला. बाई शांतपणे म्हणाल्या, "हाडाने एक दिला नाही, तर मी कुठून देऊ?" फौजदार गेला. मी म्हटलं, बाई, एखादा आकडा दिला तर काय बिघडतं? त्यावर त्यांनी मला डबा उघडायला सांगितला. वाद टाळायचा असला की त्या डबा उघडत.

त्यांच्या डब्यात दोन पोळ्या, एक भाजी आणि एका कोपऱ्यात लिंबाचं लोणचं. बरोबर एक वाजता. अर्धी पोळी माझी, हे कधी ठरलं कुणास ठाऊक. डोंबिवलीत त्या मोठ्या बहिणीबरोबर राहत. दोघींचीही लग्नं झाली नव्हती, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर बाई म्हणत, "आमच्या घरी वयाचा अंदाज मला होता, वेळेचा कुणालाच नव्हता." बोलणं असं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. मी नोंदवहीत 'पेशंट आलेला' लिहिलं की त्या खाली लाल शाईने 'आला' करत. शहाडच्या चाळीत वाढलेला मी, मला सुरुवातीला राग यायचा. नंतर नंतर मीच घरी बायकोचं बोलणं दुरुस्त करायला लागलो आणि शिव्या खाल्ल्या.

बाईंचा एक आवडता शेरा होता, अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय. आमच्या पिढीच्या आणि आधीच्या माणसांना तो सांगावा लागत नाही. पोराला शाळेत घालायला बाप जाई, जन्मतारीख त्याला ठाऊक नसे, मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघत आणि एक जून ठोकून देत. माझीही एक जूनच. बाईंना हे कळल्यावर त्या खूश झाल्या आणि म्हणाल्या, तुमच्या गुरुजींनी हाताची लांबी तरी बघितली, म्हणजे ते माझ्याच धंद्यातले.

एकदा एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले होते. चौदा वर्षांखालच्या कबड्डी संघात त्याला घालायचं होतं. पोराला मिसरूड फुटलेलं, आवाज फुटलेला, आणि बाप म्हणतोय तेरा पूर्ण. फिल्मवर कोपर जवळपास जुळलेलं होतं. बापाने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. बाईंनी तो माझ्याकडे सरकवला, मी तो परत बापाकडे, असं दोनदा झालं. शेवटी बाईंनी सांगितलं, "हाडाला पेढे चालत नाहीत हो." मग त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावलं आणि सोळा वर्षांखालच्या संघातही चांगलं खेळता येतं, घाबरू नकोस, असं त्याला समजावलं. ही गोष्ट मी कितीतरी ठिकाणी रंगवून सांगितली आहे.

बाई कडक होत्या, पण त्यांच्या कडकपणाला एक दार होतं. वृद्धांच्या पेन्शनसाठी वयाचा दाखला मागायला म्हाताऱ्या येत. पंचविशीनंतर हाडं फारसं काही सांगत नाहीत. तिथे फिल्मची गरज नसे. म्हातारीच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडत, मोठा नातू केवढा ते विचारत, आणि पासष्ट लिहून टाकत. बासष्टची असेल तरी पासष्ट. मी डोळा मिचकावला तर म्हणत, इथे माझं विज्ञान संपतं, तेव्हा मी माणसासारखं वागते. ही त्यांची दया मला फार आवडायची. पुढे त्याच दयेने त्यांचा घात केला.

आता त्या मुलीचं सांगतो. खरं नाव नको, सुमन म्हणू. शहाडच्या पुढे नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर तिची आई काम करायची. बाप नव्हता. भट्ट्या बदलत फिरणारं कुटुंब, शाळा नाही, जन्माची नोंद नाही. भट्टीवर टेम्पो घेऊन येणारा बत्तीस-तेहतीस वर्षांचा एक माणूस होता, आधीची बायको सोडलेला. सुमन त्याच्याबरोबर पळून गेली. आईने पोलिसांत तक्रार केली, पंधरा दिवसांनी दोघं सापडली. माणूस म्हणाला, आम्ही लग्न केलंय. सुमन म्हणाली, मी एकोणीसची आहे. आई म्हणाली, सोळाची आहे. कधी जन्मली, तर ज्या वर्षी पाणी भट्टीत शिरलं त्याच्या पुढच्या होळीला. बरोबरच्या हवालदारबाई मला म्हणाल्या, "आता पाणी तर तिकडे दर दोन वर्षांनी शिरतं. कुठलं धरायचं?"

म्हणून हाडं. सुमन अठराच्या आत निघाली तर आईकडे जाणार आणि तो माणूस आत. अठराच्या वर निघाली तर ती म्हणेल तिथे जायला मोकळी, आणि ती त्याच्याकडेच जाणार हे सगळ्यांना दिसत होतं.

कोपर झालं, मनगट झालं. मला चोरून विचारत होती, काका, मनगटावरून एकोणीस कळतं का? अंगावर नवी साडी, ती नीट सांभाळताही येत नव्हती. मग कमरेची फिल्म. त्यासाठी टेबलावर सरळ झोपावं लागतं, कंबर आणि दोन्ही पाय अजिबात हलवायचे नाहीत. अंगावर चादर होती, हवालदारबाई शेजारी उभ्या होत्या, पण खोलीत मी पुरुष माणूस. आतापर्यंत एकोणीसच्या तोऱ्यात असलेली पोरगी आडवी झाली आणि हमसून रडायला लागली. हवालदारबाई ओरडल्या. त्याने रडणं आणखी वाढलं. मी काचेमागून बटण दाबलं त्याच क्षणी ती एका अंगावर किंचित वळली.

पडद्यावर फिल्म आली तेव्हाच मला दिसलं. कंबर तिरकी आली होती. अशी तिरकी आली की एका बाजूची कड हाडावर चढते आणि मधली फट झाकली जाते. फट नसल्यासारखी दिसते. अशी फिल्म टाकून द्यायची आणि पुन्हा काढायची, हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक. पण बाहेर पाच पेशंट होते, एक वाजायला आला होता, आणि त्या रडण्याला मी कंटाळलो होतो. हे मी आज लिहितोय, तेव्हा मनाशीसुद्धा म्हटलं नव्हतं. मी फिल्म छापली, नावावर पट्टी लावली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. बाई परत पाठवतील, तर पाठवू देत, असा विचार केला. त्या नेहमीच परत पाठवत. अकरा वर्षांत माझ्या शेकडो फिल्मा त्यांनी परत पाठवल्या असतील.

बाईंनी ती पेटीवर लावली. खूप वेळ बघितली. मग म्हणाल्या, "चालेल."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. दंतवैद्यांच्या तपासणीत अक्कलदाढा वर आलेल्या निघाल्या होत्या, त्याही काही मुलींना लवकर येतात. बाईंनी पेन्सिल उचलली आणि लिहिलं, अठरा ते वीस.

मी बाहेर आलो तर सुमन दारातच. किती आलं काका, म्हणून विचारलं. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं आणि ती हसली. आईला हवालदारबाईंनी सांगितलं. ती आत येऊन बाईंच्या पायाशी बसली. "बाय, माझी पोर ल्हान हाय. तू पुन्यांदा बघ ना." बाई खुर्चीवरून उठल्या, तिला हात धरून उठवलं आणि म्हणाल्या की बघितलंय, ताई. कोर्टात मुलीला विचारलं, तिने त्याच्याकडे जायचं सांगितलं आणि ती गेली.

त्यानंतर तिची आई अधूनमधून रुग्णालयात यायची. काही मागायची नाही, विचारायची नाही. आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसायची आणि निघून जायची. बाईंनी कधी तिला हाकलू दिलं नाही. माझ्या वाटणीची अर्धी पोळी त्या दिवसांत तिला जायची, आणि बाई स्वतः उठून नेऊन द्यायच्या.

दीड वर्षाने अपघात विभागातून एक चिठ्ठी आली, जिन्यावरून पडली, कंबर आणि उजवा हात. ती सुमन होती. मी ओळखलं, तिनेही ओळखलं. या वेळी ती रडली नाही. सांगितलं तशी सरळ झोपली, दगडासारखी. फिल्मा अगदी सरळ आल्या. मी त्यांच्यावर पट्ट्या लावल्या. जखमेच्या फिल्मांना पट्टी लावायचा नेम नव्हता. पण मला बाईंना ते नाव दाखवायचं धैर्य नव्हतं.

बाईंनी हाताची फिल्म आधी घेतली. कोपराखालच्या हाडाला ताजी चीर होती, आणि तिच्याच जरा वर एक जुनं मोडलेलं, कुणी न बसवता वाकडं जुळलेलं. बाई म्हणाल्या, "हे पडून होत नाही. काठी येते तेव्हा माणूस हात वर धरतो, तेव्हा इथे लागतं. आणि हे दुसऱ्यांदा झालंय." मग कमरेची फिल्म. मोडलेलं काही नव्हतं. त्या पुटपुटल्या, मुलगी आहे, कड अजून उघडी आहे, अठराच्या आसपास. पेन्सिल घ्यायला हात पुढे केला आणि थांबल्या. ही तर जखमेची फिल्म, मग पट्टी कशाला?

मी पट्टी काढली.

बाईंनी मला जुन्या फिल्मा आणायला पाठवलं. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. दीड वर्षापूर्वीच्या फिल्मवर कड जुळलेली, आणि आजच्या फिल्मवर उघडी. त्यांनी बोट एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जुळलेलं हाड पुन्हा उघडत नाही, जाधव." म्हणजे तेव्हाही ते उघडंच होतं. तेव्हा ती सोळाची होती, फार तर सतराची. तिची आई खरं सांगत होती.

बाईंनी त्याच दिवशी कोर्टाला पत्र लिहायला घेतलं. आधीचा माझा अभिप्राय चुकीचा होता, मुलगी त्या वेळी अल्पवयीन होती, असं. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी त्यांना बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावलं की मारहाणीची तक्रार वेगळी होईल, त्यात तो अडकेलच, जुनं प्रकरण तुम्ही आपण होऊन का उकरताय, तीन वर्षं राहिली तुमची, आणि एकदा असं लिहून दिलंत की तुमचा प्रत्येक दाखला वकील फाडून खातील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि परत येऊन दोन बोटांनी टाईप करत पत्र पुरं केलं.

मग एका रविवारी त्या मला घेऊन शहाडला गेल्या, सुमन आईकडे परत आली होती तिथे. भट्टीजवळची पत्र्याची खोली. बाई दाराशी उभ्या राहूनच बोलल्या. चूक माझी होती, असं सरळ सांगितलं, तिला आणि तिच्या आईला. आईला ते किती समजलं कुणास ठाऊक, ती चहा ठेवायच्या गडबडीत होती. सुमन मात्र ऐकत होती. ती म्हणाली, "मीच तर एकोणीस सांगितलेलं ना." बाईंची समजूत काढत होती ती पोरगी. बाई म्हणाल्या, "तू काय सांगितलंस ते मी वाचलंही नव्हतं ग. मी माझं लिहिलं."

खटला उभा राहिला. बाईंची साक्ष झाली त्या दिवशी मीही कोर्टात होतो, फिल्मा घेऊन यायचं काम माझंच होतं. त्या माणसाच्या वकिलाने बाईंना तासभर सोलून काढलं. तुमचा अंदाज चुकू शकतो ना? चुकतो, बाई म्हणाल्या. मग आजचा बरोबर कशावरून? तेव्हा एक फिल्म होती, आज दोन आहेत, बाई म्हणाल्या. मग त्याने विचारलं, पहिली फिल्म सदोष होती काय? मी तिसऱ्या बाकावर होतो. बाईंनी माझ्याकडे नजरही वळवली नाही. त्या म्हणाल्या, "फिल्म मी स्वीकारली होती. मी स्वीकारली की ती माझी."

मी उठून उभा राहू शकलो असतो. साहेब, ती मी तिरकी काढली, मला दिसलं होतं, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मला दोन मुली आहेत, नोकरी आहे, घराचा हप्ता आहे, हे सगळं मी त्या पाच मिनिटांत स्वतःला सांगून घेतलं आणि बसून राहिलो. बाई पिंजऱ्यातून उतरल्या, फिल्मांची पिशवी माझ्या हातात दिली आणि नीट धरा, वाकतील, एवढंच म्हणाल्या.

त्या माणसाला शिक्षा झाली. पण अधीक्षक म्हणाले होते ते खोटं नव्हतं. बाईंचं ते पत्र वकिलांच्या हातोहात फिरलं. पुढच्या प्रत्येक साक्षीला तेच विचारायचे, त्या याच बाई ना? बाईंनी सोळा ते अठरा लिहिलेल्या एका मुलाला कोर्टाने मोठा धरलं, कारण त्यांच्या अंदाजावर आता कुणाचा भरवसा उरला नव्हता. तो मुलगा लहान होता असं मला आजही वाटतं. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. पुढे वयाची प्रकरणं दुसऱ्या रुग्णालयात जायला लागली आणि दोन महिन्यांनी बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाल्या. कपाटातली पुस्तकं दोन पिशव्यांत भरली, मी त्या रिक्षापर्यंत नेऊन ठेवल्या. जाताना म्हणाल्या, 'आलेला' लिहू नका.

त्यानंतर आठ महिने मी त्यांच्याकडे गेलो नाही. फोन केला तर बहीण उचलायची आणि मी बाईंची तब्येत विचारून ठेवून द्यायचो. शेवटी एका दुपारी गेलो, कारण झोप लागेनाशी झाली होती. डोंबिवलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दारात चपलांचे दोनच जोड. बाई बारीक झाल्या होत्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, नवीन मशीन आलं का, भांडारवाला कसा आहे. सुमन उल्हासनगरला शिवणाच्या कारखान्यात लागली, उजवा हात पुरता वर जात नाही पण मशीन चालवते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्या तिच्याकडे जात होत्या, दर महिन्याला.

मग मी म्हटलं. जे कोर्टात म्हणायचं होतं ते तिथे, त्यांच्या बाहेरच्या खोलीत म्हटलं.

"बाई, ती फिल्म तिरकी होती. मला तेव्हाच दिसलं होतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. या वेळी थेट चेहऱ्याकडे.

"मलाही दिसलं होतं," त्या म्हणाल्या.

मग त्या बोलत गेल्या, हळू, एकेक शब्द निवडून. "भिंतीपलीकडून तिचं रडणं येत होतं. नाव तुम्ही झाकलं होतंत, रडणं कोण झाकणार? पुन्हा काढा म्हटलं असतं तर तिला पुन्हा त्या टेबलावर झोपवावं लागलं असतं. मला वाटलं, पुरे झालं हिचं. जेवढं दिसतंय तेवढ्यावर लिहू. त्या पोरीची त्या दिवशी दया आली ती मला एकटीला, जाधव, आणि तिचं वाटोळं झालं ते त्या दयेनेच."

मी रडलो. बाई रडल्या नाहीत. बहिणीने आतून पाणी आणलं आणि ठेवून गेली. निघताना मी पाया पडलो, तर बाई मागे सरकल्या. त्यांना ते कधीच आवडत नसे.

मी अजून त्याच टेबलाशी काम करतो. वयाची प्रकरणं आता पुन्हा आमच्याकडे यायला लागली आहेत, डॉक्टर नवीन आहेत, घाईत असतात, येईल ती फिल्म घेतात. मागच्या आठवड्यात एक मुलगी आली होती, सुमनएवढीच असेल, कदाचित लहान. झोपली आणि रडायला लागली, आणि बटण दाबताना तिची कंबर हलली. फिल्म तिरकी आली. डॉक्टर म्हणाले, चालेल, द्या. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि आत गेलो. ती उठून बसली होती, ओढणी सारखी करत होती, तिला वाटलं सुटले. मी तिला म्हटलं, बाळ, पुन्हा एकदा झोपावं लागेल. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेला मी लायकच आहे. ती पुन्हा झोपली, मोठ्याने रडत, आणि ती शांत होईपर्यंत मी बटणावर बोट ठेवून उभा राहिलो.